घरगुती श्रवणकक्षातील मंद्र ध्वनी : सबवूफरची निवड व मांडणी

गोषवारा :
सबवूफर विकत घेताना ग्राहकाचे लक्ष बहुधा वॅटच्या आकड्याकडे आणि पेटीच्या आकाराकडे असते. प्रत्यक्षात कानावर पडणाऱ्या मंद्र ध्वनीचा दर्जा ज्या खोलीत तो वाजतो ती खोली, पेटीची जागा आणि श्रोत्याची बैठक यांवर अधिक अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात १० फूट × १५ फूट या आपल्याकडील परिचित मापाच्या दिवाणखान्याचे उदाहरण घेऊन सबवूफरची निवड, जागा, जुळवणी व शेजाऱ्यांना होणारा उपद्रव या बाबींचे ध्वनिशास्त्रीय विवेचन केले आहे.

बीजशब्द : मंद्र ध्वनी, सबवूफर, स्थिर तरंग, अनुनाद, क्रॉसओव्हर, डेसिबल.

प्रस्तावना :
मानवी कानाची श्रवणमर्यादा साधारणपणे २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ अशी सांगितली जाते. या विस्तीर्ण पट्ट्यातील तळाचा भाग, म्हणजे सुमारे २० ते ८० हर्ट्झ, स्वतंत्रपणे वाजविण्यासाठी जो ध्वनिवर्धक योजला जातो त्यास सबवूफर असे म्हणतात. १९७४ साली प्रदर्शित झालेल्या 'अर्थक्वेक' या अमेरिकन चित्रपटासाठी 'सेन्सराउंड' ही यंत्रणा वापरली गेली आणि धरणीकंपाचा हादरा प्रेक्षकांना अंगावर अनुभवता आला. पुढे १९९२ पासून चित्रपटगृहांत डिजिटल ध्वनी रूढ होत गेला, त्यात मंद्र परिणामांसाठी एक वेगळी वाहिनी राखून ठेवण्यात आली आणि 'फाइव्ह पॉइंट वन' या शब्दप्रयोगातील 'वन' घराघरांत पोहोचला.

मात्र घरात आणलेला सबवूफर समाधान देतोच असे नाही. दुकानात भारदस्त वाटलेला ध्वनी घरी आल्यावर एकसुरी घुमू लागतो. सोफ्यावर बसणाऱ्यास तो अपुरा वाटतो, तर स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या व्यक्तीस असह्य होतो. यावर उपाय म्हणून अधिक मोठी पेटी घेतली जाते आणि तक्रार तशीच राहते. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा यंत्रात नसून खोलीत असते.

कान आणि मंद्र ध्वनी :
कानाची संवेदनशीलता सर्व वारंवारतांना सारखी नसते, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. आज प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १००० हर्ट्झचा स्वर सुमारे २ डेसिबलला ऐकू येऊ लागतो. ५० हर्ट्झच्या स्वरास त्यासाठी ४४ डेसिबल लागतात आणि २० हर्ट्झला जवळजवळ ७८. म्हणजेच कमी आवाजात संगीत ऐकताना सर्वांत आधी हरवतो तो खर्ज. त्याचबरोबर याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी लागते. मंद्र ध्वनी एकदा ऐकू येऊ लागला की पातळीत थोडी वाढ होताच तो झपाट्याने मोठा भासू लागतो. सबवूफरची खुंटी किंचित फिरविली तरी 'फार झाले' अशी भावना होते, ती यामुळेच.

ध्वनिवर्धकाच्या बाजूनेही अडचण आहे. तेवढाच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी वारंवारता निम्मी झाली की पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. ८० हर्ट्झऐवजी २० हर्ट्झ तेवढ्याच जोराने वाजवायचा तर सोळापट. चार-पाच इंची वूफर असलेले छोटे संच तळाचे स्वर देऊ शकत नाहीत याचे कारण एवढेच आहे; त्यांत कोणती 'टेक्नॉलॉजी' आहे हा प्रश्न गौण ठरतो.

आपल्या संगीताचा विचार करता सबवूफरची गरज किती, असा प्रश्न योग्यच आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची असते. डग्ग्याचा मूळ स्वर १०० हर्ट्झच्या परिसरात फिरतो. याउलट बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तर पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते. चित्रपटांतील स्फोट व गडगडाट त्याहूनही खाली जातात. तेव्हा केवळ ख्यालगायन ऐकणाऱ्या रसिकाने सबवूफरवर मोठा खर्च करण्याऐवजी चांगले मुख्य ध्वनिवर्धक घ्यावेत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मात्र तालवाद्याच्या बाबतीत मंद्र पट्ट्याची स्वच्छता महत्त्वाची ठरते. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह आणि पुढे १९३४ मध्ये स्वतंत्रपणे भारतीय चर्मवाद्यांचा अभ्यास करून शाईमुळे त्यांच्या स्वरांना सुसंवादित्व कसे येते हे दाखविले. डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन वादक जी मींड काढतो, तिच्यात वारंवारता सलग सरकत जाते. सदोष खोलीत या मींडेचे काही भाग फुगतात व काही गळून पडतात. वादकाने न केलेले खंड ऐकू येतात.

खोलीचे गणित :
समांतर भिंतींमध्ये ध्वनी मागे-पुढे परावर्तित होऊन स्थिर तरंग निर्माण होतात. दोन भिंतींमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीइतके असते त्या वारंवारतेस पहिला अनुनाद मिळतो. २७ अंश सेल्सिअस तापमानास ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर असतो. या वेगाला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागले की त्या दिशेची मूळ अनुनादी वारंवारता मिळते.

१५ फूट लांब, १० फूट रुंद व साडेनऊ फूट उंच दिवाणखाना घेऊ. लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद ३८ हर्ट्झला व दुसरा ७६ हर्ट्झला येतो. रुंदीचा पहिला अनुनाद ५७ हर्ट्झला आणि उंचीचा ६० हर्ट्झला. आता ५७ आणि ६० हे दोन आकडे शेजारी शेजारी आहेत, हीच या खोलीची मेख आहे. पेटीच्या भाषेत सांगावयाचे तर खालच्या सप्तकातील पांढरी सहा, काळी पाच व पांढरी सात हे स्वर (५५, ५८.३ व ६१.७ हर्ट्झ) या खोलीत इतरांपेक्षा मोठे वाजतील आणि थांबल्यावरही रेंगाळतील. गाणे कोणतेही लावले तरी तोच एक हुंकार ऐकू येतो, असे जे म्हटले जाते त्याचा उगम येथे आहे. चौरस खोलीत ही अवस्था याहून वाईट होते, कारण लांबी व रुंदी यांचे सर्वच अनुनाद एकमेकांवर येऊन पडतात.

या संदर्भात पाश्चात्त्य पुस्तकांतील सल्ले जसेच्या तसे स्वीकारण्यात एक धोका आहे. अमेरिकेतील बहुतांश घरांच्या अंतर्गत भिंती लाकडी सांगाड्यावर जिप्समचे तक्ते ठोकून केलेल्या असतात. अशा भिंती मंद्र ध्वनीबरोबर किंचित थरथरतात आणि त्याची काही ऊर्जा शोषून घेतात. आपल्याकडील विटांच्या भिंती व आर.सी.सी. स्लॅब ही मुभा देत नाहीत. ऊर्जा खोलीतच कोंडली जाते, अनुनाद तीक्ष्ण होतात आणि घुमणे वाढते. तेथे १२ इंची सबवूफर जेथे माफक वाटतो तेथे आपल्या दिवाणखान्यात १० इंचीही पुरेसा ठरू शकतो. उघड्या खिडक्या, बाल्कनीचे दार आणि जेवणाच्या जागेकडे जाणारा मोकळा कमानीचा भाग यांतून मात्र बराच मंद्र ध्वनी बाहेर पडतो. दारे लावून ऐकणे व उघडी ठेवून ऐकणे यांत म्हणूनच फरक जाणवतो.

भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम चिकटविण्याची हौस येथे निरुपयोगी आहे. सच्छिद्र पदार्थाने ४० हर्ट्झ परिणामकारकपणे शोषावयाचे तर त्याची जाडी पाव तरंगलांबीच्या जवळपास हवी. ती सात फुटांहून अधिक भरते. पडदे व सतरंज्या वरच्या स्वरांचा किलबिलाट कमी करतात, खर्जाला त्यांचा पत्ताही लागत नाही.

पेटीची निवड :
वॅटचा आकडा हा निवडीचा निकष म्हणून अत्यंत फसवा आहे. विशेषतः स्वस्त संचांवर छापलेल्या पी.एम.पी.ओ. या आकड्यास कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही, त्यामुळे त्याची तुलना कशाशीही करता येत नाही. पाहावयाच्या गोष्टी दोनच आहेत : किती खालपर्यंत उतरतो, आणि तेथे किती मोठा वाजतो. पहिल्यासाठी ध्वनी ३ डेसिबलने कमी होतो ती वारंवारता माहितीपत्रकात पाहावी. '२० हर्ट्झ ते २०० हर्ट्झ' एवढेच लिहून किती डेसिबलच्या फरकात ते सांगितले नसेल, तर त्या नोंदीला अर्थ नाही. दुसऱ्यासाठी सी.टी.ए. २०१० या मानकानुसार घेतलेली मापने उपलब्ध असल्यास ती सर्वांत विश्वसनीय होत, कारण त्यांत विकृतीची मर्यादा ओलांडण्यापूर्वी प्रत्येक वारंवारतेस किती ध्वनिदाब मिळतो हे नोंदविलेले असते.

लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी कोणत्याही दोनच एकावेळी मिळू शकतात. के.एल.एच. या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. 'छोटी पण दणदणीत' अशी जाहिरात वाचताना तिसरी कोणती गोष्ट सोडून दिली आहे हे शोधावे.

पेट्यांचे मुख्य प्रकार दोन. बंद पेटीचा व्यावहारिक पाया एडगर विल्चर यांनी १९५४ च्या सुमारास घातला. दुसऱ्या प्रकारात पेटीला एक नळी असते व नळीतील हवा विशिष्ट वारंवारतेस अनुनादित होऊन पडद्याच्या मदतीला येते. या दोन्हींचे गणित नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडले आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ते परिपूर्ण केले. आजही प्रत्येक वूफरच्या माहितीपत्रकात या दोघांच्या नावाचे गुणांक दिलेले असतात. नळीची पेटी तिच्या ठरावीक वारंवारतेपर्यंत जोमाने वाजते, परंतु त्याखाली तिचा ध्वनी प्रत्येक सप्तकास २४ डेसिबल या वेगाने कोसळतो आणि पडद्यावरील हवेचा धरबंद सुटल्याने तो इजा होईपर्यंत हेलकावू शकतो. बंद पेटी लवकर उतरू लागते, पण सावकाश, सप्तकाला १२ डेसिबल याप्रमाणे.

येथे लहान खोलीचा एक फायदा होतो. खोलीच्या पहिल्या अनुनादाच्या खाली, आपल्या उदाहरणात ३८ हर्ट्झच्या खाली, तरंग तयार होण्याइतकी जागाच उरत नाही. पडदा संपूर्ण खोलीतील हवा एकसंधपणे दाबू व सोडू लागतो आणि ध्वनिदाब वाढतो. पूर्णतः बंदिस्त खोलीत ही वाढ सिद्धांततः सप्तकामागे १२ डेसिबल असते. म्हणजे बंद पेटीचा उतार आणि खोलीचा चढ एकमेकांना भरून काढतात. दारे-खिडक्यांच्या फटींमुळे प्रत्यक्ष लाभ बराच कमी मिळतो, तरीही छोट्या बंदिस्त दिवाणखान्यासाठी, विशेषतः संगीत हा मुख्य हेतू असल्यास, बंद पेटीचा १० किंवा १२ इंची सबवूफर हीच शहाणी निवड होय. चित्रपटाचा दणका हवा असेल आणि खोली मोकळी व मोठी असेल तर नळीच्या पेटीचा विचार करावा.

जागा :
कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर खोलीतील प्रत्येक अनुनादाला पूर्ण चेतवितो. त्यामुळे आवाज सर्वांत मोठा मिळतो आणि सर्वांत असमानही. भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवलेला सबवूफर त्या भिंतीच्या दिशेचा पहिला अनुनाद चेतवीत नाही. आपल्या दिवाणखान्यात टी.व्ही. खालच्या १० फुटी भिंतीच्या मध्यावर पेटी ठेवली की ५७ हर्ट्झचा अनुनाद जवळपास निष्क्रिय होतो व ५७-६० ही जोडगोळी फुटते. लांब भिंतीला लागून, समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर म्हणजे लांबीच्या पाव भागावर ठेवल्यास ७६ हर्ट्झचा अनुनाद शमतो, मात्र ५७ परत येतो. कोणता उपद्रव अधिक आहे हे पाहून निर्णय करावा लागतो.

श्रोत्याच्या बैठकीलाही हेच गणित लागू पडते. आपल्याकडे सोफा बहुधा मागील भिंतीला टेकलेला असतो, आणि भिंतीपाशी लांबीच्या सर्व अनुनादांचा दाब कमाल असतो. सोफा दोन फूट पुढे ओढला तर ७६ हर्ट्झचा उठाव सुमारे साडेतीन डेसिबलने उतरतो. ३८ चा मात्र एक डेसिबलही उतरत नाही. खोलीच्या लांबीच्या नेमक्या मध्यावर बसणे त्याहून वाईट, कारण तेथे ३८ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. उंचीच्या अनुनादाचा विचार सहसा कोणी करीत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याचे कान खोलीच्या मध्य-उंचीच्या जवळ असल्याने ६० हर्ट्झचा उठाव त्यास कमी जाणवतो. सतरंजीवर लोडाला टेकून ऐकणाऱ्यास तो अधिक मिळतो. एकाच घरात वडीलधाऱ्यांना खुर्चीवर जे गाणे बरे वाटते तेच खाली बसलेल्या मुलांना घुमणारे वाटू शकते, आणि दोघेही खरेच सांगत असतात.

गणित नको असल्यास एक सोपी प्रायोगिक पद्धत आहे. सबवूफर उचलून श्रोत्याच्या जागी, सोफ्यावर ठेवावा. बेस गिटारची चढती-उतरती चाल असलेले संगीत लावावे आणि भिंतीकडेने, पेटी ठेवणे शक्य आहे अशा प्रत्येक ठिकाणी, कान जमिनीजवळ नेऊन ऐकावे. ज्या ठिकाणी सर्व स्वर सारखे व सुटे ऐकू येतील तेथे पेटी ठेवावी. उगम व श्रोता यांची अदलाबदल केली तरी ध्वनिदाबाचे नाते बदलत नाही, या हेल्महोल्ट्झ व रॅले यांच्या परस्परतेच्या सिद्धांतावर ही युक्ती उभी आहे. घरातील मंडळींना भिंतीकडेने रांगणारा गृहस्थ पाहून हसू येईल, परंतु या अर्ध्या तासाची बरोबरी कोणतेही महागडे उपकरण करू शकत नाही.

एका मोठ्या सबवूफरऐवजी दोन मध्यम घेणे अनेकदा अधिक लाभदायक असते. टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन सबवूफर ठेवल्यास निरनिराळ्या आसनांवरील ध्वनीत बरीच समानता येते, असे दिसून आले. आपल्या उदाहरणात १० फुटी दोन्ही भिंतींच्या मध्यावर दोन पेट्या ठेवल्या तर ५७ आणि ३८ हे दोन्ही अनुनाद शमतात.

जुळवणी :
मुख्य ध्वनिवर्धक व सबवूफर यांच्यात स्वरांची वाटणी जेथे होते ती क्रॉसओव्हर वारंवारता सामान्यतः ८० हर्ट्झ ठेवली जाते. या खालचा ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही, त्यामुळे पेटी टी.व्ही. पासून दूर असली तरी चालते. रिसीव्हरमधून ही वाटणी होत असेल तर सबवूफरवरील क्रॉसओव्हरची खुंटी कमाल आकड्यावर ठेवावी, अन्यथा दोन गाळण्या एकामागे एक लागून मधला पट्टा पोकळ होतो. ही चूक फार सर्रास आढळते.

त्यानंतर फेज. क्रॉसओव्हरच्या वारंवारतेचा सलग स्वर लावून एकाने आसनावर बसावे व दुसऱ्याने फेजचा खटका शून्यावरून १८० वर फिरवावा. ज्या स्थितीत आवाज मोठा येतो ती स्थिती योग्य, कारण तेथे दोन्ही ध्वनिवर्धक एकमेकांना साहाय्य करीत असतात. आवाजाची पातळी ठरविताना मोबाइलमधील मापकावर विसंबू नये. त्याचा मायक्रोफोन तळाशी दुबळा असू शकतो आणि मापन 'ए' भारांकाने होत असल्यास खर्ज जवळजवळ मोजलाच जात नाही. मापनाचा मायक्रोफोन व 'रूम ई.क्यू. विझार्ड' ही विनामूल्य संगणकप्रणाली वापरणे अधिक चांगले. इक्वलायझरने उठाव कापता येतात, खड्डे भरता येत नाहीत. खड्डा हा परस्परांना छेदणाऱ्या तरंगांचा परिणाम असतो. तेथे १० डेसिबल वाढविण्यासाठी आवर्धकाला दसपट शक्ती द्यावी लागते आणि खड्डा बहुतांशी तसाच राहतो.

सबवूफर जोडताच ५० किंवा १०० हर्ट्झचा सलग गुणगुणाट येऊ लागला तर दोष बहुधा अर्थिंगच्या वळशाचा असतो. केबल टी.व्ही. ची तार क्षणभर काढून पाहावी; आवाज थांबल्यास तेथे विलगक बसवावा. प्लगची तिसरी पिन तोडण्याचा सल्ला काही तंत्रज्ञ देतात. तो जिवाशी खेळ आहे.

शेजारी व कायदा :
भिंतीतून आरपार जाण्याच्या बाबतीत मंद्र ध्वनी सर्वांत बिलंदर होय. वारंवारता निम्मी झाली की भिंतीची अडविण्याची क्षमता साधारण ६ डेसिबलने घटते. त्यातच पेटी थेट फरशीवर असेल तर कंप स्लॅबमध्ये शिरून खालच्या मजल्यावर उतरतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु ही मापनेही 'ए' भारांकाची असतात, आणि या भारांकात ५० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबल वजा होतात. शेजाऱ्याच्या शयनकक्षात ५० हर्ट्झचा ७० डेसिबल हुंकार पोहोचत असेल तर मापक केवळ ४० दाखवील. कागदोपत्री मर्यादा पाळली गेली. प्रत्यक्षात तो ध्वनी श्रवणाच्या उंबरठ्याहून २६ डेसिबल वर आहे आणि आजारी माणसाची वा परीक्षेच्या विद्यार्थ्याची झोप मोडण्यास पुरेसा आहे. मापकाने निर्दोष ठरविलेल्या व्यक्तीशी भांडण करणे शेजाऱ्यास अवघड जाते, हा या नियमातील उणा भाग आहे.

पेटीखाली रबराचे वा दाट फोमचे पाय लावल्याने स्लॅबमध्ये शिरणारा कंप काही प्रमाणात घटतो, हवेतून जाणारा ध्वनी मात्र त्याने कमी होत नाही. पेटी सामाईक भिंतीपासून दूर हलविणे आणि श्रोत्याच्या जवळ आणून पातळी उतरविणे हा अधिक खात्रीचा मार्ग. रात्री १० नंतर रिसीव्हरमधील रात्रीचा पर्याय चालू केल्यास मोठे धक्के दबतात व संवाद ऐकू येत राहतात. चित्रपटाचा हादरा तरीही हवाच असेल, तर सोफ्याच्या सांगाड्याला बसविण्याचे कंपक मिळतात. ते हवा जवळजवळ हलवीत नाहीत, बैठक हलवितात. अशा वेळी रबरी पाय सोफ्याच्या खुरांखाली घालावे लागतात.